राहिलेली सावड

कांद्याच्या रोपाला वास असतो, हे दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या मुलीला कुठून माहीत असणार? आमच्याकडचे वास म्हणजे डिझेलचा, तापलेल्या खडीचा आणि बाबांच्या डब्यातल्या लसणाच्या चटणीचा. कांदा आम्हाला ठाऊक तो हातगाडीवरचा, कोरडा, टरफलं उडवणारा. पण गेल्या आठवड्यात शाळा सुटल्यावर चौकात स्कूटी थांबवली होती, तेव्हा शेजारून एक पिकअप गेली. मागे रोपांच्या जुड्या रचलेल्या, त्यावर ओलं पोतं, आणि कडेनं दाटीवाटीनं बसलेल्या सात-आठ बायका. डोक्याला रुमाल, साडीवर नवऱ्यांचे जुने शर्ट. हिरवा, तिखट, थोडासा चिखलाचा असा तो वास नाकात गेला आणि माझा पाय जमिनीवरून उचलेना.

मागचा रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, झोप लागली का काय?"

चूक माझी होती, तरी पोरांवर ओरडते तशी मी त्याच्यावर ओरडले. मास्तरकीनं एवढं मात्र नक्की शिकवलंय.

पौष तोंडावर आला की हे असं होतं. सहा वर्षं झाली. दिवस आखडलेला, ऊन असूनही अंगाला न लागणारं, आणि मला उगाच वाटत राहतं की कुणीतरी माझी कुठंतरी वाट पाहतंय. तशी माझी वाट कुणी पाहत नाही. मीच कुणालातरी 'येते' म्हणून सांगितलं होतं आणि गेले नाही.

डीएड झाले तेव्हा बाबांनी कॉलनीत पेढे वाटले. पॉइंट्समन माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या योग्य रुळावर घातल्या; पोरगीही रुळाला लागली असं त्यांना वाटलं. गाडी मात्र सात वर्षं सिग्नलला उभी होती. भरती निघायची, थांबायची, परत निघायची. मी शिकवण्या घेतल्या, मोबाइलच्या दुकानात काउंटरवर बसले. आईनं माझ्या पत्रिकेपेक्षा भरतीच्या बातम्या जास्त वाचल्या. भाजी आणायला गेलं तरी कुणीतरी विचारायचंच, "काय गं, ऑर्डर आली का?" मग मी भाजी आणायलाच जाईनाशी झाले.

त्या सात वर्षांत मला सगळ्यात जास्त आठवली ती डीएडची पाठटाचणाची वही. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे शिक्षककृती, उजवीकडे विद्यार्थीकृती. बाई काय विचारणार ते डावीकडे, मुलं काय उत्तर देणार ते उजवीकडे. आणि मुलांची उत्तरंही आदल्या दिवशी आम्हीच लिहायची. सूक्ष्म अध्यापनाला तर मुलंही आम्हीच. वीस-वीस वर्षांच्या घोड्या दोन वेण्या पुढं घेऊन चौथीच्या वर्गात बसायच्या. मी विचारायचे, "मुलांनो, रोपाला वाढायला काय काय लागतं?" आणि चाळीस हात वर. "बाई, पाणी! बाई, हवा! बाई, सूर्यप्रकाश!" एकही उत्तर चुकायचं नाही, कारण उद्या त्यांच्या पाठाला मला मूल व्हायचं असायचं. मार्गदर्शक बाई मागच्या बाकावर बसून शेरा लिहायच्या, 'प्रतिसाद उत्तम.'

आयुष्यात पुन्हा इतका उत्तम प्रतिसाद मला कधी मिळाला नाही.

ऑर्डर आली ती शिरूर तालुक्यातली. तळेगाव ढमढेऱ्याच्या पुढं, चासकमानच्या कालव्यापलीकडची एक वस्ती. दौंडहून चौफुला, चौफुल्याहून न्हावरा, न्हावऱ्याहून तळेगाव, आणि तिथून दूधवाल्याची गाडी मिळाली तर वस्ती, नाहीतर पाय. शाळेच्या दोन खोल्या, एक पाण्याची टाकी, चार इयत्ता मिळून एकोणीस मुलं. दुसरे शिक्षक म्हणजे आमचे गुरुजी. सज्जन माणूस, पण आठवड्यातले तीन दिवस शाळेचे कागद पिशवीत घालून तालुक्याला गेलेला. मी तळेगावात खतांच्या दुकानावर एक खोली घेतली. शनिवारी दौंडला जायचं, सोमवारी पहाटे निघायचं.

एकटेपणाबद्दल लोक बोलतात तेव्हा माणसं नसण्याबद्दल बोलतात. माझ्या खोलीखाली तर दर आठवड्याला बाजार भरायचा. कोथिंबिरीच्या ढिगावरून भांडणं, जीपवाल्यांची "शिक्रापूर, शिक्रापूर" अशी हाकाटी, गुळाच्या जिलेबीचा वास. त्या सगळ्या गर्दीत मला नावानं ओळखणारं कुणी नव्हतं. दिवसभर शाळेत घसा बसेस्तोवर बोलायचं आणि संध्याकाळी पाचनंतर तोंडातून एक वाक्य जायचं, "पाव किलो टोमॅटो द्या." दौंडची माणसं गाडी धडधडत आली की बोलणं थांबवतात आणि गाडी गेली की त्याच शब्दापासून पुढं सुरू करतात. इथं थांबवायला बोलणंच नव्हतं.

वस्तीवरची माणसं वाईट नव्हती. दोन पिढ्यांपूर्वी मेंढरं घेऊन फिरणारी, आता पाटाच्या पाण्यावर कांदा, ऊस, झेंडू करणारी. वाटेत भेटली की बाजूला होऊन वाट द्यायची. तेच मला लागायचं. 'बाई' म्हटलं की माणसं अदबीनं बाजूला होतात. जवळ कुणी येत नाही. फक्त आप्पा, वस्तीवर कांदा करणाऱ्या मंदाताईचे सासरे, संध्याकाळी काठी टेकून शाळेच्या कट्ट्यावर बसायचे. तरुणपणी मेंढरं राखलेली. शाळा सुटली की मुलं फाटकातून बाहेर पडताना ते काठीच्या टोकानं मोजायचे आणि म्हणायचे, "एकोणीस. भरले." मेंढरं विकून वीस वर्षं झाली होती, मोजायची सवय गेली नव्हती. एकदा मी वर्गात एकटीच डबा खात होते. ते दारातून बघून म्हणाले, "मेंढरू एकलं चरत न्हाई, बाई. नुसतं त्वांड हालवतं." मला राग आला. पण डबा तसाच झाकला.

दिवाळीनंतर मी अर्ज दिला. दौंड तालुक्यात बदली मिळावी, कारण आईची प्रकृती. आई तेव्हा ठणठणीत होती. मी तिला कागदावर आजारी पाडली. अर्ज दिल्यावर बरं वाटलं. आता इथं जीव लावायची काही गरज नाही, असं वाटलं.

आणि मग कांद्याची लागण, म्हणजे रोपांची लावणी, सुरू झाली. सोमवारी एकोणीस मुलं, मंगळवारी बारा, गुरुवारी तीन. मी वस्तीवर निरोप धाडले. उत्तर आलं, "लागण उरकली की येतील." पुढच्या सोमवारी एकही मूल आलं नाही. गुरुजी तालुक्याला. साडेदहाची घंटा मीच दिली, प्रार्थनाही एकटीनं म्हटली. आता हसू येतं, पण म्हटली, आणि चांगली सुरात म्हटली. मग टाचण उघडलं. परिसर अभ्यास, तिसरी. डावीकडे लिहिलं होतं, 'रोपाला वाढायला काय काय लागते?' मी रिकाम्या वर्गाला मोठ्यानं विचारलं. उजवीकडे बघितलं आणि उत्तरही मीच दिलं. "पाणी. हवा. सूर्यप्रकाश."

माझा आवाज भिंतीवर आपटून परत आला तेव्हा मला रडू फुटलं. सात वर्षं ज्या वर्गाची वाट पाहिली तो हा वर्ग. रडून झाल्यावर राग आला, आणि रागात मी शाळेला कुलूप लावून मंदाताईच्या रानाकडे निघाले.

लांबूनच दिसलं. पाणी सोडलेले चकचकीत वाफे, त्यात ओळीनं उकिडव्या बसलेल्या बायका, आणि माझी शाळा सगळी तिथं. पहिलीतली पोरं बांधावर, तिसरी-चौथीतली जुड्या पोचवतायत. मी बांधावरून न जाता सरळ आडवी घुसले. 'मुलांना शाळेत पाठवायचं नसेल तर तसं लिहून द्या,' हे वाक्य मी वाटेत चारदा घोकलं होतं. ते म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्याच विद्यार्थ्यानं बोंब ठोकली, "बाई, वाफा! बाई, वाफा!"

मी खाली पाहिलं. सॅंडल घोट्यापर्यंत चिखलात, आणि मागं माझ्या पावलांची एक सरळ रांग, नुकत्याच लावलेल्या रोपांवरून आलेली. चिखल म्हणून मी तुडवला तो लावून झालेला वाफा होता. दौंडच्या मुलीला लावलेला वाफा आणि मोकळा वाफा यातला फरक कळला नाही.

कुणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं. मंदाताई माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. माझ्याकडं, मग वाफ्याकडं बघितलं.

"तुडवलं की वो सगळं," ती म्हणाली. "आता काढा त्ये पायताण आन् बसा खाली. ज्यानं मोडलं त्यानं लावायचं, ह्यो आमचा कायदा हाय."

"मला येत नाही," मी म्हणाले.

"आमाला तरी आईच्या पोटात कुठं येत हुतं?"

तिनं हातात जुडी दिली. अंगठ्यानं रोप दाबायचं, चार बोटांवर दुसरं. "एका पेरापेक्षा खोल न्हाई हां," ती दोनदा म्हणाली, पण मी घाबरून प्रत्येक रोप दोन पेरं खोल रुतवत होते. पडू नये म्हणून. मांड्या भरून आल्या, नखांत चिखल गेला, आणि शेजारी तिसरीतली पोरगी मला शिकवायला लागली, "बाई, तसं न्हाई, असं." माझं वाक्य, माझाच सूर. एक वाफा लावायला मला उन्हं कलेपर्यंत वेळ लागला; त्यांनी तेवढ्यात दहा उरकले. भाकरीच्या वेळी कुणीतरी न विचारता माझ्या हातावर भाकरी ठेवली, वर ठेचा. मी त्या दिवशी नुसतं तोंड हलवलं नाही.

निघताना हात धुवायला पाटावर गेले तर मंदाताई म्हणाली, "बाई, आमच्यावर तुमची सावड चढली बघा."

सावड म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. मजुरी नाही, आभार नाहीत. ज्यानं हात लावला त्याच्याकडं जाऊन हात लावायचा. म्हणून तर आख्खी वस्ती आज हिच्या रानात होती.

"अहो, मी तर भरपाई केली," मी म्हणाले.

"भरपाई चार पावलांची. तुमी तर आख्खा वाफा लावलासा. तुमचं रान कुठाय सांगा, येतो आमी."

"मला रान नाही. बाबा रेल्वेत होते."

"आसं कसं? कायतरी आसंलच की."

त्या संध्याकाळी मी फाटकाला कुलूप आहे ना ते बघायला शाळेवरून गेले. आप्पा कट्ट्यावर होते. रानातून परतणारी पोरं मोजली, मग काठी माझ्याकडं वळवली आणि म्हणाले, "ईस."

पंधरा-सोळा दिवसांनी लागण उरकली. सकाळी शाळेत आले तर फाटकाशी एकोणीस मुलं आणि आठ बायका. धुतलेल्या साड्या, पदर खोचलेले. मंदाताई पुढं. "सावड फेडाया आलो," ती म्हणाली. "सांगा काम."

मी सांगायच्या आत त्यांनी अंगण झाडलं, टाकी घासली, जळमटं काढली. अर्ध्या तासात काम संपलं. मग सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या.

"ह्ये न्हाई वो काम," मंदाताई म्हणाली. "तुमची लागण काय असती ती सांगा."

"माझं काम शिकवायचं."

"मग शिकवा की. आमी बसतो."

आणि त्या बसल्या. पोरांच्या मागं, भिंतीला टेकून, मांडी घालून. एकीच्या मांडीवर लेकरू. दोघी शाळेत कधीच गेलेल्या नव्हत्या. मला डीएडचा तो वर्ग आठवला, वेण्या पुढं घेतलेल्या चाळीस जणी. तेव्हा आम्ही मूल असल्याचं सोंग करायचो. यांनी कसलंच सोंग केलं नव्हतं. माझ्या हातात तेच टाचण होतं, तो पाठ अजून राहिलेला होता. मी विचारलं, "रोपाला वाढायला काय काय लागतं?"

मुलं गप्प. आया मागं बसल्यावर कुठलं पोर बोलतं? शेवटी मागून एकजण म्हणाली, "लाईट."

वर्गात हशा पिकला. "हसताय काय?" ती म्हणाली. "हिरीत पाणी आसून काय उपेग? लाईट दिवसाची पायजे. न्हाईतर बसा रातभर मोटर राखत."

"खत लागतंय," दुसरी म्हणाली. "आन् थंडी. थंडीबिगर कांदा पोसत न्हाई." मग पोरांना कंठ फुटला. "बाई, जुड्या लागत्यात!" "बाई, माझी आय लागती!" मंदाताई उशिरा बोलली, अंगठ्यानं हवेत रोप दाबून दाखवत. "चार बोटांवर शेजारी लागतो. लांब लावला तर कांदा नुस्ता फुगतो. कांद्याच्या चाळीत टिकत न्हाई."

मी वहीतली उजवी बाजू खोडली आणि हे सगळं तिथं लिहिलं. जागा पुरली नाही, समासात लिहिलं. ते पान अजून माझ्याकडं आहे. पुढं तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यावर लाल शाईत 'नीटनेटकेपणा हवा' असं लिहिलंय.

जाताना मंदाताई फाटकात म्हणाली, "आता मातुर तुमच्यावर चढली. एकीची आठजणींनी फेडली. पुढल्या लागणीला या."

"येते," मी म्हणाले.

तेव्हा अर्जाचं सांगायला हवं होतं. मी अर्ज विसरले होते, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. मला आठवत होता. तो मागं घ्यायला तालुक्याला जावं लागलं असतं, साहेबांसमोर कारण सांगावं लागलं असतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. एप्रिलमध्ये काढणी झाली. माझ्या वाफ्यातले कांदे खोल लावल्यामुळं लांबट, वाकडे, मुळ्याच्या वळणावर गेलेले निघाले. सगळ्या रानात तेवढाच वाफा वेगळा. मंदाताईनं ते पिशवीत भरून दिले. "बाजारात कोण घ्यायचं न्हाई. तुमचं तुमीच खावा."

जूनमध्ये, शाळा भरायच्या आधीच ऑर्डर आली. चार्ज द्यायला गेले तेव्हा वस्ती कुठल्याशा लग्नाला गेलेली. कट्ट्यावर फक्त आप्पा. त्यांना सांगितलं. त्यांनी काठी आडवी गुडघ्यांवर घेतली. मग म्हणाले, "कळपातलं मेंढरू गेलं की बाकीची दोन दिस वरडत्यात. मग चरत्यात." मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील. मला ते अजून बोचतं. मेंढरू गेलं कुठं आणि त्याचं काय झालं, ते कुणी सांगत नाही.

दौंडला मला अर्जात मागितलेलं सगळं मिळालं. घर जवळ, मोठी शाळा, वर्गात चाळीस मुलं, मधल्या सुट्टीत चहाला नऊ शिक्षक. नवऱ्यांचे पगार, प्लॉटचे भाव, कुणाची बदली कुठं यावर आम्ही रोज बोलतो. सहा वर्षांत एकाही सहकाऱ्याला मी माझ्या वर्गात बोलावलं नाही आणि त्यांनीही मला त्यांच्या वर्गात नाही. आईचे गुडघे आता खरंच दुखतात. "तू लिहून दिलंस ना, लागलं बघ," असं ती हसत म्हणते. मी हसत नाही.

पहिल्या वर्षी मंदाताईचा फोन आला. "शनवारी लागण हाय." मी म्हणाले, ट्रेनिंग आहे. ट्रेनिंग होतं, पण शुक्रवारीच संपत होतं. इतक्या गुपचूप निघून गेलेल्या बाईनं कुठल्या तोंडानं त्या बांधावर उभं राहायचं? दुसऱ्या वर्षी तिचा मिस्ड कॉल होता. मी परत केला नाही. त्यानंतर मोबाइल पौषात कधी वाजला नाही.

गेल्या आठवड्यात त्या चौकातून घरी आले, स्कूटी लावली आणि जिन्यातच बसून फोन लावला. बराच वेळ वाजला.

"कोण बोलतंय?"

नाव सांगितलं. पलीकडं मोटरचा आवाज, लांब कुणीतरी पोराला हाक मारतंय.

"कोण? कुठली?"

मग मी म्हणाले, "मंदाताई, मी बाई. वाफा तुडवलेली."

"अगं बया," ती म्हणाली आणि थांबली. मला वाटलं, आता फोन ठेवेल. "मला वाटलं, इसारलासा."

"आप्पा कसे आहेत?"

"आप्पा गेलं की. दोन सालं झाली." ती म्हणाली. "शेवटपातुर पोरं मोजायचं. एकोणीसाची पंधरा झाली तरी ईसच म्हणायचं. आमी म्हणायचो, आप्पा, चुकतंय. ऐकायचं न्हाईत."

जिन्यातून शेजारच्या काकू वर गेल्या, त्यांना वाट द्यायला मी भिंतीला सरकले.

"लागण कधी आहे?" मी शेवटी विचारलं.

"गुरवारी." मग आवाज खाली आणून, "ट्रेनिंग न्हाई ना?"

"नाही."

"मग या. सावड शिळी होत न्हाई. आन् एका पेरापेक्षा खोल न्हाई हां."

काल मोठ्या बाईंच्या टेबलावर किरकोळ रजेचा अर्ज ठेवला. गुरुवार, एक दिवस. हा अर्ज लिहिताना आईला आजारी पाडलं नाही. कारणाच्या जागी लिहिलं, शेतीकाम. बाईंनी चष्मा वर केला, अर्ज दोनदा वाचला.

"अहो, तुमचे वडील तर रेल्वेत होते ना? तुमचं शेत कुठं आलं?"

"तळेगाव ढमढेऱ्याच्या पुढं," मी म्हणाले. "जास्त नाही. एक वाफा आहे."